जुन्या ॲम्बेसिडरमधील तेलाचा दाब

ॲम्बेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाडा येथील कारखान्यात थांबले. तथापि हौसेने जपलेल्या कित्येक गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. त्यांपैकी जुन्या गाड्यांत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन असते. इंजिन दणकट; मात्र वय झाले की तेलाचा दाब उतरल्याची तक्रार बहुधा ठरलेलीच.

पंप दाब निर्माण करतो, हा समज अर्धाच खरा आहे. पंप केवळ तेल ढकलतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील केसाएवढ्या फटीतून निसटताना तेलाला जो अडथळा होतो, त्यातून दाब टिकतो. बेअरिंग झिजून फट रुंदावली की दाब घसरतो. तापलेले तेल पातळ होत असल्याने हा दोष प्रथम गरम इंजिनात, सिग्नलला उभे असताना उघड होतो.

सुस्थितीतील इंजिन तापल्यानंतर धावत्या गाडीत दाब चौरस इंचाला सुमारे ५० पौंड, तर मंद गतीत १५ पौंडांच्या आसपास असतो. मंद गतीत तो थोडा कमी भरला तर घाबरण्याचे कारण नाही. वेग वाढवूनही तो चढत नसेल किंवा खालून ठोके ऐकू येत असतील, तर इंजिन तत्काळ बंद करावे. 'गॅरेजपर्यंत तरी जाऊ' हा विचार क्रँकशाफ्टच्या किमतीला पडतो.

प्रथम डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी आणि तेलाचा वासही घ्यावा. यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल तेलात उतरते आणि तेल पाण्यासारखे पातळ होते. त्यानंतर डॅशबोर्डवरील दिव्यावर वा काट्यावर न विसंबता इंजिनाला स्वतंत्र प्रेशर गेज जोडून गरम इंजिनाचा दाब मोजावा. कित्येकदा दोष इंजिनात नसून जुन्या स्विचमध्ये निघतो.

दाब खरोखरच कमी असेल, तर इंजिनाच्या डाव्या अंगास मागील बाजूला असलेला रिलीफ व्हॉल्व्ह उघडून साफ करावा. त्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग बसली असेल, तर इलाज स्वस्तात होतो. स्प्रिंगखाली वॉशर घालून ती कडक करण्याची युक्ती काही मेकॅनिक सुचवतात. ती फसवी आहे. मंद गतीत हा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो. त्यामुळे तेथे वॉशरचा काडीचाही उपयोग होत नाही. अधिक जाड तेल घातल्यास काटा वर सरकतो खरा, परंतु झीज तशीच राहते आणि थंडीत सकाळी तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. अशा इंजिनास २०डब्ल्यू-५० श्रेणीचे तेल पुरेसे असते.

एवढ्यानेही भागले नाही, तर तेलाचा चेंबर खाली उतरवणे भाग आहे. गाळणी तुंबली आहे का, पंपाचे रोटर झिजले आहेत का, हे पाहून मग बेअरिंग काढावीत. क्रँकशाफ्टचे जर्नल मायक्रोमीटरने मोजावे. ते गोल आणि मापात असेल तर नवी बेअरिंग पुरतात. चरे किंवा लंबगोलपणा आढळल्यास शाफ्ट ग्राइंड करून कमी मापाची बेअरिंग बसवावी लागतात. मोजमाप न करता झिजलेल्या शाफ्टवर नवी बेअरिंग चढवल्यास तीच तक्रार काही महिन्यांत पुन्हा समोर येते.