तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल : हाताच्या कामाचे मोल

पोळा श्रावण अमावास्येला येतो. आपल्याकडील हिंदी पंचांगात तीच भाद्रपद अमावास्या. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार असते, म्हणून बाहेरच्या लोकांना हा दिवस तेवढ्यापुरताच ठाऊक असतो. आपल्या घरात मात्र तो लाकडी बैलाचा दिवस. मुले चाके लावलेला बैल सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात. बैलाची पूजा होते आणि मुलांना बोजारा मिळतो.

तान्हा पोळा नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी 1806 मध्ये सुरू केला, असे परंपरेने सांगतात. तेव्हा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख नागपूर राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा बदलल्या, पण तान्हा पोळा दोन्हीकडे टिकला.

हा बैल सुतार घडवतो. साग टिकाऊ पण जड. शिवण हलकी आणि कोरायला सोपी. करवतीने ठोकळा कापायचा, वाकसाने ढोबळ आकार काढायचा, पटाशीने मान, वशिंड आणि पाय कोरायचे, कानशीने घासून रंग द्यायचा. वशिंड किती उंच आणि मान कुठे वळवायची, हे सुताराच्या नजरेत असते. ती नजर खरा बैल रोज पाहून तयार झाली. आपल्या भागातला पांढरा, चपळ गवळाऊ बैल त्याच्या डोळ्यांसमोर होता.

आता शेतात ट्रॅक्टर आला आणि गोठे रिकामे होत आहेत. बाजारात प्लास्टिकचे व कॉम्प्युटरवरच्या मशीनने कापलेले बैल मिळतात. ते स्वस्त आणि सगळे एकसारखे असतात. मोबाइलवर पोळ्याचे चित्र क्षणात तयार होते. त्याला आमची हरकत नाही. परदेशातल्या नातवाला शुभेच्छा पोहोचतात, हे चांगलेच. पण त्या चित्रातला बैल कोणत्याही मुलखाचा असू शकतो. आपला बैल कसा दिसायचा, हे उद्याच्या मुलांना हाताने घडवलेला बैलच दाखवील. तो घडवणारा हात थांबला, तर हजार फोटो असूनही ती विद्या परत येणार नाही.

आमचे आयुष्य बँकेत गेले, म्हणून थोडा हिशेबही मांडतो. बहुतेक वस्तूंवर दरवर्षी घसारा धरतात. लाकडी बैलाचे तसे नाही. चाक मोडले तर बदलता येते, रंग उडाला तर पुन्हा देता येतो. आजोबांचा बैल नातू ओढतो. एकदा दिलेली किंमत दोन-तीन पिढ्यांत वाटली, तर हा बैल महाग वाटत नाही.

कारागिरांसाठी 17 सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या 18 व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारेही आहेत. तारणाशिवाय 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख आणि नंतर 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज, तसेच अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, अशी तिची रचना आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो.

मात्र कर्ज फेडायला गिऱ्हाईक लागते, आणि ते आपणच आहोत. बंधू-भगिनींनो, सुताराला पोळ्याच्या आठवड्यात नव्हे, उन्हाळ्यातच काम सांगा म्हणजे त्याला सवड मिळेल. भाव फार पाडू नका. काम चालू असताना मुलांना शेजारी बसवा आणि मोबाइलवर त्याचे चित्रण करा. जुना बैल माळ्यावर असेल तर खाली काढा, दुरुस्त करून घ्या आणि तो कोणी घडवला ते घरातल्या मुलांना सांगा.