कापूस एकाधिकार खरेदी योजना
शेतकऱ्यांकडील सर्व कापूस हमीभावाने राज्यानेच विकत घेण्याची महाराष्ट्र शासनाची योजना. कापसाच्या खासगी व्यापारातील भावांची अनिश्चितता आणि अडते-व्यापाऱ्यांकडून होणारी पिळवणूक थांबवण्यासाठी 1971 मध्ये कायदा झाला व 1972-73 च्या हंगामापासून अंमलबजावणी सुरू झाली. विदर्भ, मराठवाडा व खानदेश ही तिची मुख्य क्षेत्रे.

खासगी खरेदीवर राज्यात बंदी होती. शेतकरी बैलगाडीने कापूस खरेदी केंद्रावर आणी. तेथे प्रतवारी व वजन होऊन हमीभावाने चुकारा (कापसाचा मोबदला) ठरे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी गिरण्यांना विकल्या जात. विक्रीतून नफा झाल्यास शेतकऱ्यांना बोनस मिळे व काही रक्कम भावचढउतार निधीत जाई. 1984 पासून खरेदी-विक्रीचे हे काम स्वतंत्र कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले (पहा : सहकारी पणन).

बाजार पडला की हमीभाव शेतकऱ्याला तारत असे, तोटा मात्र राज्याच्या तिजोरीवर पडे. बाहेर भाव चढला की कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जाई. बंदी राज्याच्या हद्दीपुरतीच असल्याने हा दोष योजनेच्या रचनेतच होता. चुकाऱ्यांना होणारा विलंब शेतकऱ्यांना विशेष जाचला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी खुल्या बाजाराची मागणी लावून धरली (पहा : शेतकरी संघटना). साचलेल्या तोट्यामुळे 2002 च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला. (पहा : किमान आधारभूत किंमत, कापूस).