शामोनी १९२४ : एका पदकसूचीची जडणघडण

प्रास्ताविक

क्रीडेच्या इतिहासात पदकविजेत्यांची सूची हे सर्वांत निर्विवाद साधन समजले जाते. राजकीय घटनांचे अर्थ बदलतात, युद्धांच्या कारणांविषयी मतभेद होतात. परंतु अमुक शर्यतीत पहिला कोण आला, याविषयी वाद संभवत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे भरलेल्या हिवाळी स्पर्धांची पदकसूची या समजुतीला सरळसरळ छेद देते. ही सूची स्पर्धा संपल्या त्या दिवशी पूर्ण झाली नाही. १९२६, १९७४ आणि २००६ या तीन वर्षी तिच्या अर्थात अथवा मजकुरात बदल झाले. तिच्या एका भागाविषयी, आणि तोच भाग भारताशी संबंधित आहे, फारशी चर्चाही झालेली नाही. मराठी इतिहासलेखनाला अस्सल कागद आणि मागाहून सिद्ध झालेली बखर यांतील भेद परिचित आहे. शामोनीची आज उपलब्ध असलेली सूची या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. ती तशी का झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

‘सप्ताह’ ते ऑलिंपिक

बर्फावरील खेळांचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश शामोनीच्या आधीच झाला होता. फिगर स्केटिंग १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, तर आइस हॉकी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये खेळली गेली होती. स्वतंत्र हिवाळी ऑलिंपिक भरवावे, या कल्पनेला मात्र ज्या देशांत हे खेळ खऱ्या अर्थाने रुजले होते त्यांचाच विरोध होता. स्वीडनमध्ये १९०१ पासून ‘नॉर्डिक क्रीडा’ भरत असत. त्यांचे प्रवर्तक व्हिक्टर बाल्क हे स्वतः आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे संस्थापक सदस्य होते. आपल्या स्पर्धांचे महत्त्व कमी होईल, अशी भीती स्कँडिनेव्हियन प्रतिनिधींना वाटत होती. १९२१ च्या लोझान परिषदेपासून चाललेल्या या वादातून अखेर एक तडजोड निघाली. फ्रान्सने शामोनी येथे ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह’ भरवावा, समितीने त्यास आश्रय द्यावा, पण त्यास ऑलिंपिक म्हणू नये, असे ठरले. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ असा हा ‘सप्ताह’ बारा दिवस चालला. नावाच्या बाबतीत तो आरंभापासूनच काटेकोर नव्हता, असे म्हणावे लागेल.

सोळा देशांच्या सुमारे अडीचशे खेळाडूंनी त्यात भाग घेतला. स्त्रियांना केवळ फिगर स्केटिंगमध्ये प्रवेश होता. ऑस्ट्रियाची हेर्मा प्लांक-झाबो विजयी झालेल्या त्या स्पर्धेत नॉर्वेची अकरा वर्षांची सोन्या हेनी शेवटची, म्हणजे आठवी आली. पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी ती हीच. आइस हॉकीत कॅनडाच्या संघाने पाच सामन्यांत ११० गोल केले व केवळ ३ स्वीकारले. स्वित्झर्लंडविरुद्धचा सामना त्यांनी ३३-० असा जिंकला. फिनलंडच्या क्लास थुनबर्गने स्केटिंगच्या शर्यतींत तीन सुवर्णांसह पाच पदके मिळवली. नॉर्वेच्या रोआल्ड लार्सननेही पाच पदके मिळवली, पण त्यांत एकही सुवर्ण नव्हते.

या सर्वांत २६ जानेवारीची ५०० मीटर स्केटिंगची शर्यत विशेष लक्षणीय आहे. न्यू यॉर्क राज्यातील लेक प्लॅसिडचा चार्ल्स ज्यूट्रॉ ती ४४.० सेकंदांत जिंकला आणि इतिहासग्रंथांत ‘हिवाळी ऑलिंपिकमधील पहिला सुवर्णपदकविजेता’ ठरला. आता त्या दिवशी हिवाळी ऑलिंपिक अस्तित्वातच नव्हते. स्वतंत्र हिवाळी ऑलिंपिक भरवण्याचा निर्णय समितीच्या १९२५ च्या प्राग अधिवेशनाच्या वेळी झाला आणि शामोनीचा सप्ताह हाच पहिला हिवाळी ऑलिंपिक होय, असा ठराव १९२६ साली लिस्बन येथे झाला. ज्यूट्रॉचे पदक आज अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. धातू तोच, पण त्याचा अर्थ ठरला तो दोन वर्षांनी, पूर्वलक्षी प्रभावाने. हा ठराव झाला नसता, तर ही सर्व नावे ‘नॉर्डिक क्रीडां’च्या विजेत्यांप्रमाणे केवळ तज्ज्ञांना ठाऊक राहिली असती.

आकडेमोडीतील चूक

४ फेब्रुवारी रोजी स्की उडीची स्पर्धा झाली. तीत उडीची लांबी आणि शैली या दोहोंचे गुण एकत्र करून क्रम लावला जाई. नॉर्वेचा याकोब तुलिन थाम्स पहिला व त्याचाच देशबंधू नार्वे बोन्ना दुसरा आला. तिसऱ्या स्थानी १८.००० गुणांसह थोरलाइफ हाउग होता. १८ किलोमीटर, ५० किलोमीटर आणि नॉर्डिक संयुक्त अशा तिन्ही प्रकारांत सुवर्ण मिळवून हाउग त्या सप्ताहाचा नायक झाला होता. हे कांस्य म्हणजे त्याचे चौथे पदक. चौथ्या स्थानी १७.९१६ गुण मिळवणारा अमेरिकेचा अँडर्स हाउगेन होता. हाउगेन मूळचा नॉर्वेतील तेलेमार्क प्रांताचा; तरुणपणी तो अमेरिकेत स्थायिक झाला होता. त्या दिवशीची सर्वांत लांब, ५० मीटरांची उडी त्याचीच होती, परंतु शैलीचे गुण त्याला कमी मिळाले.

हा निकाल पन्नास वर्षे कायम राहिला. हाउग १९३४ साली मरण पावला आणि नॉर्वेने ड्रामेन येथे त्याचा पुतळा उभारला. १९७४ साली, शामोनीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, थोराल्फ स्ट्रोमस्टाडच्या लक्षात आले की हाउगच्या गुणांची आकडेमोड चुकली आहे. नॉर्वेचे क्रीडेतिहासकार याकोब वोगे यांनी ती तपासली. हाउगचे खरे गुण १७.८२१ भरत होते, म्हणजे हाउगेनपेक्षा ०.०९५ ने कमी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दुरुस्ती मान्य केली आणि ऐंशी वर्षांचे वय ओलांडलेल्या हाउगेनला ऑस्लो येथे कांस्यपदक देण्यात आले. ते त्याच्या हाती दिले हाउगच्या कन्येने.

या घटनेचे वर्णन सामान्यतः खिलाडूवृत्तीची हृद्य कथा म्हणून केले जाते आणि ते अयोग्य नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तिच्यातील दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. चूक शोधणारा स्ट्रोमस्टाड हा स्वतः १९२४ चा दोन रौप्यपदकांचा मानकरी व हाउगचा संघसहकारी होता. दुरुस्तीने नुकसान झाले ते नॉर्वेचे. कच्चे गुण शिल्लक होते, ते वाचू शकणारा व ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस हयात होता, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोही हयात होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच सूची बदलली. मूळ आकडे नष्ट झाले असते, तर १८.००० हा आकडा आजही प्रमाण मानला गेला असता आणि त्यावर शंका घेण्याचे कोणालाही कारण उरले नसते.

कर्लिंगचा दर्जा

दुसरी दुरुस्ती गुणांची नसून दर्जाची होती. शामोनीत कर्लिंगचे केवळ तीन संघ उतरले. स्कॉटलंडच्या खेळाडूंचा ब्रिटिश संघ पहिला, स्वीडन दुसरा व फ्रान्स तिसरा आला. १९२४ च्या अधिकृत अहवालात कर्लिंगला वेगळे काढलेले नाही. परंतु पुढील काळात अनेक ग्रंथांनी ते ‘प्रात्यक्षिक खेळ’ या सदरात टाकले. परिणामी १९९८ च्या नागानो स्पर्धा हाच कर्लिंगचा ऑलिंपिकमधील आरंभ, असे गृहीत धरले जाऊ लागले आणि २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे ब्रिटिश महिला संघाने मिळवलेले सुवर्ण या खेळातील ब्रिटनचे पहिले मानले गेले. ग्लासगोच्या ‘द हेराल्ड’ या वृत्तपत्राने जुनी कागदपत्रे तपासून हा प्रश्न लावून धरला, तेव्हा फेब्रुवारी २००६ मध्ये, तुरिन स्पर्धांच्या तोंडावर, समितीने १९२४ ची कर्लिंगची पदके अधिकृत असल्याचे मान्य केले. येथेही पाठपुरावा करणारी एक संस्था होती आणि तिच्यामागे या खेळाविषयी जिव्हाळा बाळगणारा वाचकवर्ग होता. एरवी ब्याऐंशी वर्षांपूर्वीच्या तीन संघांच्या खेळाची कोणी दखल घेतली असती, असे वाटत नाही.

गिर्यारोहणाची पदके

शामोनीच्या सांगता समारंभात आणखी एक सन्मान झाला. गिर्यारोहणातील असामान्य पराक्रमाचा ऑलिंपिकमध्ये गौरव व्हावा, ही ऑलिंपिक चळवळीचे प्रवर्तक पिएर द कुबर्तां यांची जुनी इच्छा होती. त्यानुसार १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला सोन्याचा मुलामा दिलेली रौप्यपदके देण्यात आली. मोहिमेचे उपनेते एडवर्ड स्ट्रट यांनी ती स्वीकारली आणि यांतील एक पदक एव्हरेस्टच्या शिखरावर नेण्याचे वचन दिले. असे पारितोषिक पुढे १९३२ व १९३६ साली दिले गेले व नंतर बंद पडले. ही स्पर्धा नसल्यामुळे देशवार पदकतक्त्यात ती धरली जात नाहीत.

मानकऱ्यांच्या यादीत एकूण २१ नावे आहेत. त्यांपैकी तेरा मोहिमेचे युरोपीय सदस्य होते. त्यांत नेते चार्ल्स ब्रूस, जॉर्ज मॅलरी, एडवर्ड नॉर्टन, हॉवर्ड सोमरव्हेल आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉर्ज फिंच यांचा समावेश होतो. फिंच व जेफ्री ब्रूस यांनी प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ८,३२० मीटरांची उंची गाठली होती; त्यापूर्वी मनुष्य इतका उंच कधीच चढला नव्हता. त्या चढाईत बरेच अंतर त्यांच्यासोबत गेलेला गुरखा सैनिक तेजबीर बुरा हा चौदावा मानकरी. उरलेली सात नावे मृतांची आहेत.

७ जून १९२२ रोजी मॅलरी, सोमरव्हेल आणि क्रॉफर्ड हे भारवाहकांसह नॉर्थ कोलच्या उतारावरून तिसऱ्या प्रयत्नासाठी वर चढत असता हिमलोट कोसळला. तीनही ब्रिटिश गिर्यारोहक वाचले. सात भारवाहक मृत्युमुखी पडले. केवळ शेर्पाच मेले, आपल्यापैकी कोणी त्यांच्या मरणात वाटेकरी झाला नाही, याचा सल सोमरव्हेलने पुढे आपल्या आठवणींत नमूद केला. हाच सोमरव्हेल नंतर दक्षिण त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून दीर्घकाळ राहिला.

ऑलिंपिक नोंदींत या सातांची नावे नर्बू, ल्हाक्पा, पासांग, पेमा, सांगे, तेंबा आणि अंतार्गे अशी आढळतात आणि प्रत्येकापुढे आडनावाच्या जागी ‘शेर्पा’ हा समाजवाचक शब्द येतो. युरोपीय सदस्यांच्या हुद्द्यांपासून शिक्षणापर्यंतचा तपशील सहज मिळतो. या सातांचे मात्र एकेरी नाव, समाज आणि मृत्यूची तारीख एवढेच सूचीत उरते. त्यांच्या नावांपुढे आज सामान्यतः ‘भारत’ असा देश लिहिलेला असतो. याचे कारण मोहिमेचे भारवाहक दार्जिलिंग येथे भरती केले जात, हे असावे. वस्तुतः शेर्पा समाजाचे मूळ वास्तव्य नेपाळमधील सोलुखुंबू भागातले, आणि १९२२ साली ‘भारत’ याचा अर्थ ब्रिटिश हिंदुस्थान असा होता. म्हणजे येथे राष्ट्रीयत्वसुद्धा मजुरीच्या ठिकाणावरून ठरले, असा तर्क करण्यास जागा आहे.

भारताच्या ऑलिंपिक इतिहासाला असले प्रश्न नवे नाहीत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्डने मिळवलेली दोन रौप्यपदके आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती भारताच्या नावे धरते, तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नोंदींत ती ब्रिटनच्या नावे आहेत. यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकाला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक म्हणताना प्रिचर्डचा उल्लेख हटकून होतो. सात शेर्पांचा उल्लेख मात्र होत नाही. ही पदके तक्त्यात येत नाहीत, हे त्याचे तांत्रिक उत्तर झाले. पण कर्लिंगही २००६ पर्यंत बहुतेक तक्त्यांत येत नव्हते. त्याच्यामागे एक वृत्तपत्र उभे राहिले. हाउगेनमागे स्ट्रोमस्टाड उभा राहिला. नर्बू किंवा तेंबा यांच्या बाबतीत कच्चे गुण नव्हते आणि स्पर्धेतील सहकारीही नव्हता. ज्या कामासाठी ते पर्वतावर गेले, त्याला त्या काळी ओझे वाहणे म्हणत, पराक्रम म्हणत नसत. त्या दृष्टीने त्यांची नावे या यादीत आली, हीच मुळात असाधारण गोष्ट आहे. १९२४ साली वासाहतिक मोहिमांतील भारवाहकाला त्याच्या साहेबाबरोबर एकाच यादीत व एकाच सन्मानास पात्र धरणे, ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. शामोनीच्या आयोजकांना या औदार्याचे श्रेय दिले पाहिजे. नंतरच्या ग्रंथकारांनी ‘ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम’ एवढ्या दोन-तीन शब्दांत तो सन्मान गुंडाळून ठेवला, हा दोष त्यांचा.

मॅलरी त्याच वर्षी जूनमध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झाला. स्ट्रट यांचे वचन अठ्ठ्याऐंशी वर्षे अपुरे राहिले. मे २०१२ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक केंटन कूल याने १९२२ च्या मोहिमेतील डॉक्टर आर्थर वेकफील्ड यांचे पदक शिखरावर नेले. तो नेपाळच्या बाजूने, दक्षिणेकडून चढला. नॉर्थ कोलचा तो उतार शिखराच्या दुसऱ्या अंगाला, तिबेटात आहे.