भुंगा : एका नावाचा इतिहास

वैशाखाच्या दुपारी ओसरीच्या वाशापाशी घुमणारा काळाभोर भुंगा पाहिला नाही, असा माणूस बीड जिल्ह्यात विरळाच. वाशातून भुसा गळू लागला की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "भुंगा लागला." पुढे पहिला पाऊस पडतो आणि सांजवेळी कडुनिंबा-बाभळीवर तपकिरी किडे उतरतात. हे हुमणीचे भुंगेरे. पण बोलण्यात तेही भुंगेच. इंग्रजी गोष्टीतील 'बंबल बी' मराठीत आली की तीही भुंगाच होते. जीव तीन आणि नाव एक! हे तिघे वेगळे कसे ठरले, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, हे शेवटी ध्यानात येईल.

यात आपल्या पूर्वजांना दोष देण्याचे कारण नाही. शास्त्राचा आरंभही असाच झाला. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दुहेरी नावे दिली, तेव्हा मधमाशी, बंबल बी आणि लाकूड कोरणारी माशी या तिघींना त्याने 'एपिस' या एकाच प्रजातीत बसविले. हे एकत्र कुटुंब विभक्त केले फ्रान्सच्या लात्रेय याने. राज्यक्रांतीच्या धामधुमीत हा पाद्री तुरुंगात पडला असता, कोठडीत सापडलेल्या एका दुर्मिळ भुंगेऱ्यामुळे त्याची सुटका झाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानेच १८०२ साली बंबल बीला 'बॉम्बस', म्हणजे गुंजारव करणारी, आणि दुसरीला 'झायलोकोपा', म्हणजे लाकूडतोडी, अशी नावे दिली.

दोघींतील भेद कोणता? बॉम्बस अंगभर लोकरीसारखी केसाळ. तिच्या मागच्या पायावर पराग भरण्याची टोपली असते आणि ती राणीसह कुटुंब करून राहते. झायलोकोपाचे पोट बहुधा तुळतुळीत असते, पायाला तशी टोपली नसते, आणि वाळलेल्या लाकडात वा बांबूत ती पिलांसाठी खोल्या कोरते. बॉम्बस थंड मुलखातील. पॉल विल्यम्स यांच्या १९९८ च्या यादीत तिच्या २३९ जाती आहेत, आणि २००८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी तिच्या ३८ उपप्रजाती १५ वर आणल्या. भारतात ती हिमालयात व ईशान्येच्या डोंगरांत आढळते, आपल्या दख्खनच्या पठारावर नाही. तेव्हा बालाघाटचा भुंगा बंबल बी नव्हे. तो झायलोकोपा, आम्ही त्यास सुतारभुंगा म्हणू.

या सुतारभुंग्यांचीही जातवारी झाली आहे. १८०४ साली फाब्रिसियसने एका जातीस तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीचे नाव दिले. १८९७ साली बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील माश्यांचा ग्रंथ सिद्ध केला. आणि आपल्या भीमाशंकरच्या रानात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की, तेथील तीन जातींपैकी एक दिवसा, दुसरी संधिप्रकाशात, आणि ती तरंगंबाडीच्या नावाची जात अमावास्येच्या अंधारातही उडते.

आता मूळ मुद्दा. हुमणीचा भुंगेरा ही माशीच नव्हे. त्याच्या पाठीवर कवचासारखे टणक पंख असतात; तो पाने कुरतडतो, आणि त्याची अळी उसाच्या मुळ्या खाते. त्यास गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवावे, हा सल्ला योग्यच आहे. पण सुतारभुंगा पान खात नाही. वांग्याच्या फुलाला धरून तो असा थरथरतो की बंद नळीतला पराग बाहेर सांडतो. मधमाशीला ही कला साधत नाही. तुरीच्या फुलांतही परागाची देवघेव करणाऱ्या थोर माश्यांत त्याची गणना होते. "भुंगे मारा" या दोन शब्दांत शत्रूबरोबर हा मित्रही मारला जाण्याचा धोका आहे.

वाशाचे तो नुकसान करतो, हे खरे. त्यावर उपाय वाशाला रंग देणे, आणि बांधावर एखादे वाळके खोड त्याच्यासाठी राहू देणे. लात्रेयने १८०२ साली जो निवाडा केला, तो आपल्या बोलीत अजून व्हावयाचा आहे. सुतारभुंगा निराळा आणि भुंगेरा निराळा, एवढे दोन शब्द जरी आपण कटाक्षाने वेगळे वापरले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.