बालरोग अतिविशेषज्ञांचे कौशल्यमूल्यमापन
नवजात शिशुशास्त्र, बालहृदयरोगशास्त्र यांसारख्या शाखांत शिकणाऱ्या डॉक्टरांची रुग्णसेवेतील क्षमता तपासण्याची पद्धती. भारतात बालरोगशास्त्रातील एम.डी.नंतर (पहा : बालरोगशास्त्र) हे प्रशिक्षण तीन वर्षे चालते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत या प्रशिक्षणाअखेरची डी.एम. परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) घेते.

पूर्वी भर दीर्घ रुग्णपरीक्षणावर व तोंडी परीक्षेवर होता. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी येथून निरनिराळ्या थांब्यांवरील वस्तुनिष्ठ परीक्षा मांडली. ओले टेन केट यांनी २००५ मध्ये ‘देखरेखीविना कोणते काम सोपवता येईल’ हा निकष पुढे आणला.

अर्भक स्वतःची तक्रार सांगत नाही. त्यामुळे पालकांकडून माहिती काढणे, वजनानुसार औषधमात्रा ठरवणे आणि श्वासनलिकेत नळी घालणे ही कौशल्ये प्रत्यक्ष निरीक्षणाने, पुतळ्यावरील सरावाने व नोंदवहीवरून तपासतात (पहा : नवजात पुनरुज्जीवन). केवळ लेखी गुणांवरून ती कळत नाहीत.

लोह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून अत्यवस्थ अर्भक नांदेडच्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवताना वाटेत ऊब, प्राणवायू व रक्तशर्करा टिकवावी लागते. पाठवणाऱ्या डॉक्टरला दूरध्वनीवरून अचूक सूचना देण्याची क्षमताही म्हणून मूल्यमापनात मोडते (पहा : नवजात अतिदक्षता).