कोरड्या औषधी भुकटीची मात्रा : इन्हेलरमधील मोजमापाचा इतिहास (१८६४ ते २००७)

प्रस्तावना

दम्याच्या रुग्णाला औषध पोटातून देण्याऐवजी थेट फुप्फुसात पोहोचविले तर ते अत्यल्प प्रमाणात पुरते. सॅल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. श्वासावाटे मात्र २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीच्या दहाव्या वा विसाव्या हिश्श्याने काम भागते. परंतु मात्रा जितकी लहान, तितके तिचे मोजमाप कठीण. ही मात्रा कोणी मोजावयाची, कारखान्याने, यंत्राने की रुग्णाच्या श्वासाने, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्या उत्तरांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

समस्येचे स्वरूप

फुप्फुसाच्या सूक्ष्म वायुमार्गांपर्यंत जाण्यासाठी औषधाचा कण साधारणतः १ ते ५ मायक्रॉन आकाराचा असावा लागतो. त्याहून मोठे कण घशातच अडकतात. मात्र इतके बारीक कण एकमेकांना चिकटतात. रवाळ साखर चमच्यातून सहज ओघळते, पिठीसाखर गोळे धरते. तोच प्रकार येथे घडतो. जो कण फुप्फुसात जाण्यास योग्य, तोच मोजण्यास व ओतण्यास अयोग्य, हा या विषयातील मूलभूत विरोध होय. पुढील सर्व यंत्रे या विरोधातून वाट काढण्याचे प्रयत्न आहेत.

प्रारंभीचे प्रयत्न

१८६४ मध्ये आल्फ्रेड न्यूटन याने इंग्लंडमध्ये औषधी चूर्ण श्वासावाटे देण्याच्या उपकरणाचे पेटंट घेतले. चूर्ण अतिशय बारीक व कोरडे असले पाहिजे, हे त्याने ओळखले होते. मात्रेच्या अचूकतेचा विचार मात्र तेव्हा पुढे आला नव्हता. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील ॲबट कंपनीने ‘एरोहेलर’ आणला. श्वास घेताच त्यातील एक लहान गोळी औषधाच्या नळीवर आपटे व चाळणीतून पीठ पडावे तशी भुकटी हवेत पडे. येथे मात्रा ठरविणारा घटक रुग्णाचा श्वास हाच होता. प्रत्येक श्वासागणिक ती बदलणे अटळ होते.

१९५६ मध्ये रायकर कंपनीचा दाबयुक्त वायूवर चालणारा ‘मेडिहेलर’ आला. द्रवरूप औषध झडपेतील ठरावीक पोकळीत मोजले जाऊ लागले आणि मात्रेचा प्रश्न बराचसा सुटला. परंतु कळ दाबणे व श्वास ओढणे या दोन्ही क्रिया एकाच क्षणी साधणे अनेकांना जमत नसे. भुकटीचा इन्हेलर रुग्णाच्या श्वासावरच चालत असल्याने ही अडचण त्यात नव्हती. म्हणून भुकटीकडे पुन्हा लक्ष वळले.

कॅप्सूलचे युग

या टप्प्यावर रॉजर अल्टुन्यान यांचे कार्य निर्णायक ठरले. ते स्वतः दम्याचे रुग्ण असलेले डॉक्टर होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिकांना प्रशिक्षण दिले होते. फायसन्स या ब्रिटिश कंपनीत त्यांनी अनेक रसायनांची चाचणी स्वतःवर घेतली. त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध पुढे आले. त्याची २० मिलिग्रॅमची मात्रा दाबयुक्त फवाऱ्याच्या एका दाबात मावणारी नव्हती. त्यासाठी तयार झालेल्या ‘स्पिनहेलर’मध्ये कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसविली जाई. श्वास ओढताच विमानाच्या पंख्याप्रमाणे तो फिरे आणि टोचलेल्या कॅप्सूलमधून भुकटी बाहेर पडे. हे औषध १९६८ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आले.

मोजमापाच्या दृष्टीने यातील बदल मोठा होता. मात्रा आता कारखान्यात कॅप्सूल भरतानाच निश्चित होऊ लागली. १९७० च्या दशकात ग्लॅक्सोच्या ‘रोटाहेलर’ने हीच पद्धत सॅल्ब्युटामॉलसाठी वापरली. २०० मायक्रोग्रॅम औषध एकटे कॅप्सूलमध्ये भरणे व्यवहारात अशक्य. म्हणून ते सुमारे २५ मिलिग्रॅम लॅक्टोजच्या, म्हणजे दुग्धशर्करेच्या, जाडसर कणांत मिसळले गेले. औषधाचे सूक्ष्म कण या मोठ्या कणांना चिकटून राहतात, कॅप्सूलमध्ये सहज भरले जातात आणि श्वासाच्या झोताने सुटे होतात. लॅक्टोज घशात राहते, औषध पुढे जाते. मात्र मिश्रण एकजीव झाले नाही तर एका कॅप्सूलमध्ये औषध जास्त व दुसरीत कमी, असा धोका उरतोच.

साठ्यातून मोजणी

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या ॲस्ट्रा कंपनीने ‘टर्ब्युहेलर’ आणला आणि मोजमापाची जागा पुन्हा बदलली. त्यात २०० मात्रांची भुकटी एकाच साठ्यात असे. तळाची कडी फिरविताच एका चकतीच्या छिद्रांत ठरावीक घनफळाची भुकटी भरे व जास्तीची खरवडली जाई. शेतकऱ्याने मापात धान्य भरून वरून हात फिरवावा, तशीच ही रीत. कारखान्यातील वजनाऐवजी आता रुग्णाच्या हातातील घनफळ प्रमाण ठरले. त्यामुळे कडी फिरविताना इन्हेलर उभा धरणे आवश्यक झाले. तो आडवा धरल्यास माप अपुरे भरते. शिवाय भुकटीला दमटपणा लागू नये म्हणून आत ठेवलेल्या शोषक पदार्थाचा खुळखुळ आवाज ऐकून ‘औषध शिल्लक आहे’ असा गैरसमजही होऊ शकतो.

ग्लॅक्सोने याच काळात निराळा मार्ग धरला. ‘डिस्कहेलर’ व त्यानंतरच्या ‘डिस्कस’मध्ये प्रत्येक मात्रा स्वतंत्र बंद कप्प्यात भरलेली होती. डिस्कसच्या पट्टीत असे ६० कप्पे व सोबत उरलेल्या मात्रांचा आकडा होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला घातक वायूंवर निर्बंध आल्याने भुकटीच्या इन्हेलरना अधिकच चालना मिळाली.

प्रमाणे आणि त्यांच्या मर्यादा

यंत्रे वाढली तशी कसोटीचीही गरज भासली. युरोपीय औषधसंहितेच्या कसोटीनुसार दहा मात्रांपैकी नऊ सरासरीच्या ७५ ते १२५ टक्क्यांत व सर्व ६५ ते १३५ टक्क्यांत असाव्या लागतात. गोळ्यांच्या तुलनेत ही सूट मोठीच आहे. शिवाय ही मोजणी प्रयोगशाळेतील ठरावीक झोताने होते. दम्याचा झटका आलेल्या माणसाचा श्वास तसा नसतो.

हा फरक इन्शुलिनच्या बाबतीत ठळकपणे समोर आला. फायझरच्या ‘एक्झुबेरा’ या श्वासावाटे घेण्याच्या इन्शुलिनला जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात हातपंपाने दाबलेल्या हवेच्या साह्याने भुकटीचा ढग तयार होई. म्हणजे भुकटी विखुरण्याचे काम रुग्णाच्या श्वासावर सोपविलेले नव्हते. तरीही १ मिलिग्रॅमच्या तीन पुड्या ३ मिलिग्रॅमच्या एका पुडीबरोबर नव्हत्या. तीन लहान पुड्यांतून अधिक इन्शुलिन शरीरात पोहोचे. अंकगणितात बरोबर असलेली मात्रा शरीरात चुकत होती. पुरेशी विक्री न झाल्याने ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने हे उत्पादन मागे घेतले.

भारतीय संदर्भ

भारतात कॅप्सूलची पद्धत टिकून राहिली. एका वेळी एक मात्रा देणारे हे साधे यंत्र स्वस्त पडते, हे त्याचे एक कारण. मुंबईत १९३५ साली स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीने १९९० च्या दशकात पारदर्शक रोटाहेलर बाजारात आणला. कॅप्सूल रिकामी झाली की नाही, हे रुग्णाला त्यात डोळ्यांनी पाहता येते. भुकटी उरली असल्यास तो पुन्हा श्वास ओढू शकतो. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात मात्र कॅप्सूल वापरापूर्वी बंद ठेवण्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

निष्कर्ष

भुकटीच्या इन्हेलरचा इतिहास पाहता मोजमापाची जबाबदारी श्वासाकडून कारखान्याकडे, तेथून रुग्णाच्या हातातील यंत्राकडे आणि पुन्हा बंद कप्प्याकडे सरकत गेलेली दिसते. प्रत्येक टप्प्यावर भरलेली मात्रा अधिक अचूक झाली. परंतु भरलेली, बाहेर पडलेली आणि फुप्फुसात पोहोचलेली या तीन मात्रा कधीच एक झाल्या नाहीत. पहिली कारखाना मोजतो, दुसरी प्रयोगशाळा. तिसरी मात्र रुग्णाच्या श्वासावर अवलंबून राहते. म्हणून श्वास कसा ओढावा हे रुग्णाला नीट शिकविणे हे उपचाराला जोडलेले केवळ सौजन्य नसून मात्रेच्या मोजमापाचाच अखेरचा व आवश्यक टप्पा आहे, असे म्हणावे लागते.