चोर, हत्यार आणि घरधनी

रात्री घरात चोर शिरला तर त्याला मारण्याचा हक्क आहे की नाही, असे खडकवासल्याच्या आमच्या वस्तीत मला वरचेवर विचारले जाते. विचारणाराला बहुधा होकारच हवा असतो. मी त्याला थोडे मागे नेतो.

पेशवाईत घराची राखण एकट्या घरधन्यावर नव्हती. गावोगाव रामोशी किंवा दुसरे जागले असत. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावाची. माग हरवला तर भरपाईचा तगादा जागल्यावर नि गावावर येई. इंग्रजी अमलात रामोशांचे गडराखणीचे हक्क बुडाले. उमाजी नाईकांचे बंड याच असंतोषातले. 1832 साली त्यांना पुण्यात फाशी झाली.

पुढे 1860 ची दंडसंहिता आली. तिचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेला इकडचे लोक अन्याय फार मुकाट्याने सोसतात असे वाटे. म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क त्याने सढळ ठेवला. रात्री घर फोडणाराचा प्रसंगी प्राण गेला तरी तो गुन्हा नव्हे. आणि अठरा वर्षांनी, 1878 साली, त्याच सरकारने हत्यारांचा कायदा करून परवान्याची सक्ती केली! गोऱ्यांना तीतून सूट होती. हक्क दिला, हत्यार काढून घेतले. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीचे सावकार लुटले.

स्वतंत्र भारताचा हत्यार कायदा 1959 चा. दंडसंहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 34 ते 44 या कलमांत जुना हक्क जवळजवळ तसाच आहे. 'रात्री' ऐवजी आता सूर्यास्त ते सूर्योदय असे शब्द आहेत, इतकेच.

पण मर्यादाही त्याच आहेत. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही. पोलिसांना बोलावण्यास सवड असेल तर हक्कच उरत नाही. जिवाची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो, भीती सरली की संपतो. ऐवज घेऊन पळणाऱ्या भुरट्या चोराला अडवता येते, पाडता येते. पाठीत गोळी घालता येत नाही. परवान्याची बंदूक भिंतीवर असली म्हणून हक्क इंचभरही वाढत नाही. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, झाडण्याचा नव्हे.

आमच्या कष्टकऱ्यांत बंदूक कोणाकडे असणार? तिथे काठी असते नि गर्दी असते. चोर सापडतो, खांबाला बांधला जातो. दोरी आवळली तिथे बचाव संपला. नंतरची प्रत्येक काठी हा गुन्हा. तो माणूस पहाटे मेला, तर खुनाच्या खटल्यात नावे लागतात ती पुढे होऊन मारणाऱ्या तरण्या पोरांची. जमाव घरी निघून जातो. वकिलाची फी किती पडेल हे विचारायला त्यांच्या आया युनियनच्या कचेरीत येतात.